हायलँड्सची ती सुंदर शांतता आली कुठून?

स्कॉटलंड फिरून आलेल्या कुणाचेही फोटो बघा. एडिनबरोचा किल्ला होतो, ग्लासगो होतं, मग उत्तरेकडच्या हायलँड्सचे फोटो सुरू होतात आणि त्यात माणूसच नसतो. लांबच लांब तपकिरी-हिरवी दरी, मधून वाहणारी नदी, वर उतरलेले ढग, कुठेतरी चार मेंढ्या आणि एखादं छप्पर नसलेलं दगडी घर. खाली लिहिलेलं असतं, 'निसर्ग जसाच्या तसा, माणसाचा हातच लागलेला नाही!' ते वाचलं की मला दरवेळी सांगावंसं वाटतं, अहो ते छप्पर नसलेलं घर जरा झूम करून बघा, त्या दरीत माणसं नांदत होती, पिढ्यान्‌पिढ्या, आणि ती उठून गेली नाहीत, त्यांना उठवलं गेलं.

त्याच अल्बममध्ये दुसरा एक फोटो असतो, समुद्रकाठच्या छोट्या गावाचा. बंदर, होड्या, पट्टीने आखल्यासारखे सरळ रस्ते आणि ओळीने घरं. हे दोन फोटो वेगवेगळे वाटतात पण बऱ्याच ठिकाणी ती एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. आतली दरी रिकामी झाली म्हणून किनाऱ्यावरचं गाव वसलं. या सगळ्याला इतिहासात 'हायलँड क्लिअरन्सेस' म्हणतात, साधारण १७६० च्या सुमारास सुरू होऊन जवळपास शंभर वर्षं चाललेला प्रकार. नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पण नेमकं काय झालं आणि कशामुळे झालं हे विचारलं की गाडी 'इंग्रजांनी हाकललं' इथेच येऊन थांबते. ते तसं नाहीये, म्हणून जरा सुरुवातीपासून सांगतो.

आधी तिथलं जुनं गाव कसं होतं ते बघू. हायलँड्समध्ये क्लॅन असायचे, म्हणजे कुळं, मॅके, मॅकेन्झी, रॉस, सदरलंड वगैरे, आणि प्रत्येकाचा एक प्रमुख. जमीन कागदावर प्रमुखाच्या नावावर, पण लोकांच्या मनात ती सगळ्या कुळाची. याला त्यांच्या गेलिक भाषेत 'दूखस' असा शब्द आहे, पिढ्यान्‌पिढ्या राहतोय म्हणून आपोआप असलेला वहिवाटीचा हक्क. प्रमुख लढाईला बोलवेल तेव्हा जायचं आणि त्याने आपल्याला जमिनीवरून हलवायचं नाही, असा तो न लिहिलेला करार. गावात वीस-पंचवीस घरं, दगड आणि गवताळ मातीची ढेकळं रचून केलेल्या भिंती, मधोमध पीटची शेकोटी (पीट म्हणजे दलदलीतली कुजून दाबली गेलेली माती, वाळवली की लाकडासारखी जळते). शेतं पट्ट्यापट्ट्यांची, आणि हे पट्टे ठरावीक काळाने पुन्हा वाटून घ्यायचे म्हणजे चांगली जमीन कायम एकाच्याच वाट्याला जाणार नाही. उन्हाळ्यात बायका-पोरं गुरं घेऊन वर डोंगरात झोपड्या करून राहायची, दूध-चीज तिथेच. खरी संपत्ती म्हणजे ती छोटी काळी गुरं, ती विकून खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, भरायचा. सुखाचं होतं असं अजिबात नाही, वाईट वर्षी उपासमार व्हायचीच, पण गाव नांदतं होतं.

मग १६ एप्रिल १७४६ ला कलोडनची लढाई झाली. स्टुअर्ट घराण्याला परत गादीवर बसवायला निघालेल्या बंडखोरांचा, ज्यात हायलँडचे बरेच क्लॅन होते, सरकारी फौजेने तासाभराच्या आत धुव्वा उडवला. नंतर सरकारने शस्त्रं काढून घेतली आणि प्रमुखांचे न्यायनिवाड्याचे जुने अधिकार कायद्याने रद्द केले. इथे लक्ष द्या कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आतापर्यंत प्रमुखाची ताकद कशावर मोजायचे, तर माझ्या हाकेला किती तलवारी येतात यावर. तलवारीच गेल्यावर उरली फक्त जमीन आणि तिचं उत्पन्न. बदल आधीपासून हळूहळू चालू होताच, प्रमुखांची मुलं एडिनबरो-लंडनमध्ये वाढत होती, तिथल्या उमरावांसारखं राहायचं तर तसा पैसा हवा, कर्जं वाढत होती. कलोडननंतर या सगळ्याला वेग आला आणि एका-दोन पिढ्यांत कुळाचा बाप म्हणवणारा माणूस नुसता जमीनदार झाला. म्हणून मी म्हणालो की 'इंग्रजांनी हाकललं' एवढं पुरेसं नाही, बऱ्याच ठिकाणी हाकलणारे त्यांचेच प्रमुख होते, त्यांच्याच आडनावाचे. मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच.

आता मेंढ्या. दक्षिणेत गिरण्या सुरू झालेल्या, लोकरीला भाव, आणि चेव्हियट नावाची मोठी, भरपूर लोकर देणारी मेंढी उत्तरेच्या थंडीत टिकते हे लक्षात आलेलं. मेंढपाळीचा मोठा व्यापारी एक आख्खी दरी भाड्याने घेऊन शंभर शेतकरी कुटुंबं मिळून देतात त्याच्या कितीतरी पट पैसे देऊ लागला. मग प्रश्न पडतो की डोंगर मेंढ्यांना द्यायचे आणि लोकांना खाली दरीत राहू द्यायचं, काय बिघडलं असतं? तर बिघडत होतं हिवाळ्यात. चेव्हियट उन्हाळ्यात डोंगरावर चरेल, पण बर्फ पडलं की तिला खालची, आडोशाची, नदीकाठची गवताची जमीन लागते, आणि नेमकी तीच जमीन माणसांनी शतकानुशतकं खत-पाणी घालून कसलेली होती. मेंढीला आणि माणसाला एकच तुकडा हवा होता आणि मेंढी जास्त खंड देत होती.

लोकांच्या हातात कागद नव्हता. बहुतेकांकडे भाडेपट्टाच नाही, वर्षाच्या बोलीवर राहायचं, त्यामुळे मे महिन्यात ती मुदत संपायच्या आधी नोटीस दिली की कायद्याने काम झालं. दूखस कुठल्या कोर्टात चालणार? विरोध झालाच नाही असं नाही. १७९२ साली रॉसशायरमधल्या लोकांनी एकत्र येऊन हजारो मेंढ्या हाकत जिल्ह्याबाहेर काढायला सुरुवात केली, गेलिकमध्ये त्या वर्षाची आठवणच 'मेंढ्यांचं वर्ष' अशी राहिली. सैन्य आलं आणि ते मोडलं.

पुढच्याच वर्षी, १७९३ ला, त्याच रॉसशायरच्या भागात मॅकेन्झींच्या प्रमुखाने ब्रिटिश सैन्यासाठी ७८ वी हायलँड पलटण उभी केली. आणि ही पलटण पुढे कुठे आली माहितीये? आपल्या जालना जिल्ह्यात. २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईत ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या बाजूने शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेवर चालून गेलेल्यांमध्ये ७८ वी आणि ७४ वी अशा दोन हायलँड पलटणी होत्या. असई म्हटलं की आपल्याला मराठ्यांच्या तोफा आठवतात, आठवायलाच हव्यात, पण समोरून त्या तोफांवर येणाऱ्यांतले कितीतरी जण अशा खेड्यांमधले होते जिथे मेंढ्या येऊन पोचल्या होत्या किंवा पोचणार होत्या. बाप-भावाची जमीन टिकेल या आशेने पोरगा पलटणीत भरती व्हायचा, जमीनदारही भरतीसाठी तसाच दबाव टाकायचे.

क्लिअरन्सेसचं सगळ्यात गाजलेलं आणि बदनाम प्रकरण म्हणजे सदरलंड. अगदी उत्तरेचा हा परगणा बहुतांश एकाच घराण्याचा, काउंटेस एलिझाबेथची ती इस्टेट आणि तिचा नवरा मार्क्विस ऑफ स्टॅफर्ड हा त्यावेळच्या ब्रिटनमधल्या सर्वात श्रीमंत माणसांपैकी एक. यांचा विचार होता तो 'सुधारणे'चा, हा शब्द त्यांच्या कागदपत्रांत सारखा येतो. लोकांना आतल्या दऱ्यांमधून काढायचं, किनाऱ्यावर वसवायचं, त्यांना मासेमारी शिकवायची आणि दऱ्या मेंढ्यांना द्यायच्या. कागदावर आकर्षक योजना, आणि गंमत नाही, ती करणाऱ्यांना मनापासून वाटत होतं की आपण लोकांचं भलं करतोय. पण ज्याने आयुष्यात होडी वल्हवली नाही त्याला वादळी उत्तर समुद्राच्या काठावर दोन-तीन एकर खडकाळ जमीन देऊन कोळी हो म्हणायचं, यात भलं कसलं?

स्ट्रॅथनेव्हर ही नेव्हर नदीची दरी, रुंद, सुपीक. १८१४ मध्ये इथे इस्टेटीचा कारभारी (तिथे त्याला फॅक्टर म्हणतात) पॅट्रिक सेलर माणसं घेऊन आला. आणि त्या दरीतल्या जमिनीचा नवा भाडेकरू, मेंढ्या आणणारा, कोण होता? सेलर स्वतःच. घरं रिकामी करायला लावली आणि छपरांना आगी लावल्या. छप्परच का, तर या भागात झाडं फार कमी, छपराचं लाकूड ही घरातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट, लोक घर सोडताना आढं आणि वासे खांद्यावर घेऊन जायचे म्हणजे नव्या जागी घर उभं राहील. ते जाळले की परत यायचा रस्ताच बंद. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात असं आपण म्हणतो, इथे वासे शिल्लकच ठेवले नाहीत. एका घरात मार्गारेट मॅके नावाची अतिशय वृद्ध, अंथरुणाला खिळलेली बाई होती, घर पेटल्यावर तिला कसंबसं बाहेर काढलं आणि काही दिवसांत ती गेली. सेलरवर मनुष्यवध आणि जाळपोळीचा खटला झाला, १८१६ ला इन्व्हरनेसमध्ये. ज्यूरीत जमीनदार वर्गाचंच वजन होतं, तो निर्दोष सुटला. आणि खटल्याने काही थांबलं नाही, १८१९ मध्ये त्याच परिसरात आणखी मोठ्या प्रमाणावर गावं उठवली गेली.

उठवलेली माणसं गेली कुठे? काही नदीच्या मुखाशी, बेटीहिलला. हे नाव एलिझाबेथ काउंटेसवरूनच पडलं असं सांगतात, म्हणजे जिच्या इस्टेटीने उठवलं तिचंच नाव नव्या गावाला. तिथल्या जुन्या चर्चमध्ये आता स्ट्रॅथनेव्हरचं म्युझियम आहे. शेजारच्या किल्डोनन दरीतले काही हेल्म्सडेलला आले, आज तुम्ही ज्याचे फोटो काढता ते गाव, सरळ रस्ते, छान बंदर, हेरिंग माशाच्या धंद्यासाठी त्याच वर्षांत आखलेलं. काही जण थेट कॅनडाला रेड नदीच्या काठी, आज विनिपेग शहरात किल्डोनन नावाचा भाग आहे तो त्यामुळेच. हेल्म्सडेलच्या वर टेकडीवर एका कुटुंबाचा पुतळा आहे, बाप समुद्राकडे बघतोय आणि बाई मान वळवून मागे दरीकडे.

हेल्म्सडेलहून थोडं उत्तरेला बॅडबी आहे. समुद्राच्या कड्याच्या अगदी धारेवरचं गाव, उठवलेल्या कुटुंबांनी उरलेल्या उताराच्या जागेत स्वतःच्या हाताने दगड उचलून वसवलेलं. वारा एवढा की गुरं, कोंबड्या आणि लहान मुलं दोरीने बांधून ठेवायचे, नाहीतर कड्यावरून खाली जातील. लहान मूल खेळायला सोडताना त्याच्या कमरेला दोरी, हे चित्र एकदा डोळ्यासमोर आणून बघा. शेवटचा रहिवासी १९११ मध्ये गेला.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती कळल्याशिवाय किनाऱ्यावरची ती गरिबी कळत नाही. किनाऱ्यावर जो जमिनीचा तुकडा मिळायचा त्याला क्रॉफ्ट म्हणतात. हा तुकडा लहान होता तो चुकून नाही, बऱ्याच इस्टेटींनी तो मुद्दाम पोट भरणार नाही एवढाच ठेवला. कारण पोट भरलं तर माणूस मजुरीला कशाला येईल? पश्चिम किनाऱ्यावर आणि बेटांवर ही मजुरी म्हणजे केल्प. समुद्री शेवाळ गार पाण्यात उभं राहून कापायचं, वाळवायचं, जाळायचं, त्या राखेतला सोडा काच आणि साबणाच्या कारखान्यांना लागायचा. नेपोलियनच्या युद्धात स्पेनहून येणारा माल अडला तेव्हा केल्पचा भाव आभाळाला भिडला आणि नफा जमीनदाराचा. तेव्हा लोक अमेरिकेला जाऊ लागले तर जमीनदारांनाच नको होतं, १८०३ मध्ये जहाजांवर अटी घालणारा कायदा झाला, प्रवाशांच्या सोयीसाठी म्हणून, पण त्याने तिकीट महाग झालं आणि गरीब अडकला. १८१५ ला युद्ध संपलं, स्वस्त माल परत येऊ लागला, केल्प बसलं, आणि तीच माणसं आता 'जास्तीची' झाली. आधी जाऊ देत नव्हते, नंतर राहू देईनात.

त्या छोट्या तुकड्यावर जगवणारं पीक एकच, बटाटा. १८४६ मध्ये बटाट्यावर करपा आला, आयर्लंडमध्ये आला तोच. मदत मिळाल्याने आयर्लंडएवढे मृत्यू इथे झाले नाहीत, पण जमीनदारांनी मग सरळ जहाजंच भरायला घेतली, कॅनडा, ऑस्ट्रेलिया. लुईस बेटाचा मालक त्यावेळी जेम्स मॅथेसन, मूळचा सदरलंडमधल्या लेअर्गचाच, आणि त्याने १८४४ ला ते अख्खं बेट विकत घेतलं ते चीनच्या अफूच्या धंद्यातल्या पैशांतून. ती अफू आपल्या मुंबई बंदरातूनही जायची, माळव्याची अफू. त्याने दुष्काळात लोकांवर पैसा खर्च केला हे खरं आणि पुढे दोन हजारांच्या वर लोकांना कॅनडाच्या जहाजात बसवलं हेही खरं. त्या बेटावरच्या स्टॉर्नोवे गावात जो देखणा किल्ला दिसतो तो त्याचा.

सगळेच जबरदस्तीने गेले असं मात्र म्हणू नये. १७७३ ला 'हेक्टर' नावाचं जहाज वायव्येकडच्या लॉख ब्रूममधून आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला गेलं त्यातले बरेच आपणहून चांगल्या दिवसांच्या शोधात निघाले होते. त्याच लॉख ब्रूमच्या काठचं सुंदर पांढरं उल्लापूल गाव १७८८ मध्ये वसवलं ते हेरिंगसाठी, ब्रिटिश फिशरीज सोसायटीने, कुणाला उठवून नाही. लोकसंख्या वाढत होती, जमीन पुरत नव्हती, हेही इतिहासकार सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण माणसं कधी ना कधी गेलीच असती म्हणून छप्पर जाळणं माफ होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एक जागा जवळून दाखवतो. रॉसशायरमध्ये, मुख्य रस्त्यापासून बरंच आत, स्ट्रॅथकॅरनच्या टोकाला क्रोइक नावाचं छोटंसं चर्च आहे, भोवती दगडी कुंपण आणि झाडं, बाकी दरी मोकळी. १८४५ च्या मे महिन्यात शेजारच्या ग्लेनकॅल्व्हीमधल्या लोकांना, अठरा कुटुंबं, घर सोडावं लागलं. यांचा खंड थकलेला नव्हता. जायला जागा नाही म्हणून त्यातले ऐंशीच्या वर लोक चर्चच्या आवारात थडग्यांमध्ये ब्लँकेटं आणि कापडं ताणून राहिले, पोरंबाळं, म्हातारे सगळे. चर्चच्या आत नाही गेले, पवित्र जागा म्हणून. लंडनच्या 'द टाइम्स'चा बातमीदार तिथे पोचला म्हणून जगाला कळलं.

त्या दिवसांत कुणीतरी पूर्वेच्या खिडकीच्या, पत्त्यातल्या चौकटच्या आकाराच्या छोट्या काचांवर बाहेरच्या बाजूने टोकदार वस्तूने अक्षरं कोरली. ती आजही आहेत. ग्लेनकॅल्व्हीचे लोक २४ मे १८४५ ला इथे होते, असा एका काचेवरचा मजकूर. त्यांची भाषा गेलिक, पण कोरलंय इंग्रजीत, बहुतेक बाहेरच्या कुणीतरी वाचावं म्हणून. आणि आणखी एका काचेवर लिहिलंय, 'ग्लेनकॅल्व्हीचे लोक, पापी पिढी'. हे वाचून मी खूप वेळ अडकलो. घर गेलं, जमीन गेली, थडग्यांमध्ये झोपायची वेळ आली, आणि त्यांना वाटतंय की आपलंच काहीतरी पाप असणार. अनेक ठिकाणी धर्मगुरू हेच सांगत होते, ही देवाने दिलेली शिक्षा आहे, निमूट सोसा. अक्षरं बाहेरून कोरल्यामुळे चर्चच्या आत बसलेल्याला ती उलटी दिसतात.

बदल झाला पण फार उशिरा. १८८२ मध्ये स्काय बेटावर ब्रेज नावाच्या भागातल्या क्रॉफ्टर्सनी ठरवलं की बेन ली डोंगरावरचं आमचं चराईचं रान परत मिळेपर्यंत खंड देणार नाही. ग्लासगोहून साधारण पन्नास पोलीस आणले, आणि बायका-पुरुषांनी त्यांच्यावर दगडांचा वर्षाव केला. पेपरांमध्ये ते गाजलं, १८८३ ला नेपियर आयोग गावोगाव फिरला आणि लोकांनी पहिल्यांदाच सरकारपुढे साक्षी दिल्या. १८८६ च्या क्रॉफ्टर कायद्याने तीन मोठ्या गोष्टी मिळाल्या, मनमानीने उठवता येणार नाही, खंड वाजवी असेल, आणि क्रॉफ्ट वारसाला देता येईल. ज्यांनी आपल्याकडचा कूळकायदा ऐकलाय त्यांना हे लगेच कळेल. फक्त आधीच रिकाम्या झालेल्या दऱ्या या कायद्याने परत दिल्या नाहीत. तोपर्यंत लोकरीचा भाव पडला होता आणि बऱ्याच दऱ्या मेंढ्यांकडून हरणांकडे गेल्या होत्या, श्रीमंतांच्या शिकारीसाठी, राणी व्हिक्टोरियाच्या बालमोरलमुळे तर हायलँड्सची फॅशनच आली. अशा शिकारीच्या रानाला तिथे 'डिअर फॉरेस्ट' म्हणतात आणि त्यात बहुतेक वेळा झाड नसतं, कारण हरणं नवीन रोप वर येऊच देत नाहीत. आपण जो उघडाबोडका डोंगर 'मूळ निसर्ग' म्हणून बघतो त्यात या चराईचा मोठा हात आहे, जुनी जंगलं तर त्याच्याही कितीतरी आधी गेलेली.

जमीन परत यायला सुरुवात झाली ती अगदी आपल्या डोळ्यांदेखत. १९९३ मध्ये असिंटच्या क्रॉफ्टर्सनी वर्गणी काढून नॉर्थ लॉखइन्व्हर इस्टेट विकत घेतली, १९९७ ला एग बेटाच्या लोकांनी आपलं बेट घेतलं, आणि २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने गावाला जमीन घ्यायचा हक्क दिला. त्याच कायद्याने तुम्हा-आम्हाला तिथल्या डोंगरदऱ्यांत जबाबदारीने कुठेही चालायचा हक्कही मिळालाय.

तर तो हक्क वापरा. स्ट्रॅथनेव्हरमध्ये रोझलला जा, १८१४ नंतरच्या काही वर्षांत रिकामं झालेलं गाव, १९६२ मध्ये तिथे उत्खनन झालं, आता पायवाट आहे. गाडीतून उतरून आधी रंग बघा. डोंगर हीदर नावाच्या झुडपांचा तपकिरी, आणि मधेच एखादा तुकडा लख्ख हिरवा, ते जुनं शेत, पिढ्यांनी घातलेलं खत अजून त्या मातीत आहे. तिरपं ऊन असेल तर त्या हिरव्यात वाफ्यांच्या सरी उठून दिसतात. खाजखुजलीसारखी आग करणारी नेटल नावाची झुडपं एका जागी दाट असली तर तिथे घर किंवा गोठा होता, माणसं आणि जनावरं राहिलेल्या मातीत ती फोफावतात. पायाखाली गवतात लांबट दगडी ओळ लागेल, ती भिंत. आणि अशा पडक्या घरांशेजारी कधीकधी लाल फळांचं एकटंच रोवन झाड उभं असतं, वाईट नजर घरात येऊ नये म्हणून दाराशी लावायचे ते.